खिडकी गेली की झालं

'झालं' हा शब्द मला अजून सहन होत नाही. कुणी कामाबद्दल 'झालं' म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "उघडून पाहिलंस?" घरातले याला कंटाळलेत. बायको म्हणते, भात झाला म्हटलं तरी तू झाकण काढून बघशील. बघेन. ज्या दुकानात मी पहिली नोकरी केली तिथे हा शब्द दिवसभर कसा फेकला जायचा ते तिने ऐकलेलं नाही.

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते व्हिडिओ शूटिंग आणि मिक्सिंगचं दुकान होतं. जागा एवढीशी, की गिऱ्हाईक आत आलं की आम्हा दोघांपैकी एकाला उभं राहावं लागे. मालक मूळचे रत्नागिरीकडचे, पण त्यांची सासुरवाडी आमच्या रायगडातल्या तालुक्याच्या गावी. त्या ओळखीवर वडिलांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. 'ग्रॅज्युएट' म्हणायचे. चहा आला की "ग्रॅज्युएट, कप उचल." लाइट गेली की "ग्रॅज्युएट, बघ जरा, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय."

माझे वडील एसटी डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती माझ्या एकट्याच्या हुशारीने मिळाली नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. गावच्या कॉलेजातले एक सर रविवारी लॅबची किल्ली माझ्या हातात देऊन स्वतः शेतावर जात. लिनक्स या कॉम्प्युटर सिस्टीमच्या सीडी त्यांनी पोस्टाने मागवल्या होत्या. मला देताना म्हणाले होते, "हे मोफत आहे, पण फुकटचं नाही. लोकांनी राबून केलंय आणि वाटलंय. तू शिक आणि तूही वाट." मोफत आणि फुकटचं यातला फरक मला त्या दिवशी कळला. काकांना तो मी दुकानात असेपर्यंत कळला नाही. व्हायरसने दुकानातली दोन लग्नं गिळली तेव्हा मी एका जुन्या मशीनवर लिनक्स बसवलं आणि सगळं शूटिंग तिथे ठेवायला सुरुवात केली. पहिले काही महिने काका गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत, "आपल्याकडे लिनक्स आहे, टेन्शनच नाही." मग कधी काही अडलं की तेच मशीन 'तुझं ते फुकटचं' व्हायचं.

आमची कामाची रीत अशी होती. लग्नाची टेप दोनदा उतरवायची, मिक्सिंगसाठी एडिटिंगच्या मशीनमध्ये आणि जपून ठेवायला लिनक्सच्या मशीनमध्ये. लिनक्समधली फाइल मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची. दोन मशीनमध्ये वायर टाकू द्यायला काका तयार नव्हते. वायरीतून व्हायरस येतो असं त्यांचं ठाम मत होतं. मग काका मिक्सिंग करायचे. मिक्सिंग म्हणजे नवरानवरीच्या डोक्यावरून बदाम उडवायचे, आणि मंडपात जो काही खरा आवाज असेल तो बंद करून वर सिनेमाची गाणी चढवायची. त्या खऱ्या आवाजाला दुकानात 'कचरा' म्हणत. डीव्हीडी गिऱ्हाइकाला गेली की एडिटिंगच्या मशीनमधली फाइल काढून टाकायची आणि टेप पुसून पुढच्या लग्नाला. मूळ शूटिंग म्हणून जे काही उरायचं ते त्या बाहेरच्या डिस्कवर. बॅकअप.

बॅकअप काका स्वतः घ्यायचे. फाइल ओढायची, सोडायची. छोटी खिडकी यायची, तिच्यातली पट्टी सरकायची. कधी मधेच इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं. काका ते न वाचता ओके दाबायचे. खिडकी जायची. काका काउंटरवर हाताचा पंजा आपटायचे आणि म्हणायचे, "झालं!"

तर असं एकदा दसऱ्यानंतर, काका बाहेर गेलेले असताना, पेणकरपाड्याची एक बाई जिना चढून आली. पंचविशीची असेल. हिरवा चुडा, बांगडीला तीन-चार सेफ्टीपिना अडकवलेल्या, हातात आमच्याच दुकानाची डीव्हीडी. तिच्याच लग्नाची. वैशाखात आम्हीच शूटिंग केलं होतं.

"शेट हायत क?"

"शूटिंगला गेलेत. काय काम होतं?"

"ही लाव जरा, दादूस."

मी लावली. हळदीचा मंडप. नवरीशेजारी नऊवारीतली एक म्हातारी बसलेली, मान किंचित वर करून, डोळे मिटून ती गात होती. आजूबाजूच्या बायका तिच्या मागून म्हणत होत्या. आणि वरून एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचा ढोल बडवत होता. म्हातारीचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

"ती माझी आजेसासू. धवला बोलतेय. आयकू येतो क तुला?"

"नाही."

"मना पन न्हाय येत. मना तो आवाज पायजे. चित्र नको, चित्र तुमीच ठेवा."

मी त्यांच्या भागातला नव्हे, म्हणून तिने मला समजावून सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं लागतं, आणि ते सांगणारी धवलारीण. तिची आजेसासू अख्ख्या पाड्याची धवलारीण होती. मिठागरं गेली, भातशेतीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, तरी त्या बिल्डिंगींत राहणारे तिलाच बोलवायला येत. पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि आता तुळशीच्या लग्नानंतर घरातल्या धाकट्या नणंदेचं लग्न होतं.

"बाहेरून दुसरी आनता येईल. पन आजी खाटेवर बघत पडलेली असताना तिच्या जागेवर दुसरीला कशी बसवू? मी बसनार. माझ्या तोंडून तिचाच धवला आला पायजे. थोडा येतो मना, मधला न्हाय येत. तुमी तो फेकला क?"

"फेकला नसेल," मी म्हणालो.

"नसेल?" ती म्हणाली. "शिकलेला हायस ना? मग हाय क न्हाय ते सांग."

ती गेल्यावर मी बॅकअपची डिस्क जोडली. तिच्या लग्नाची फाइल होती. चालवली. मंडपवाले खुर्च्या मांडताहेत, मुलं कॅमेऱ्यापुढे नाचताहेत, जात्याला सुपारी बांधताहेत. वीसेक मिनिटांनी एक बाई ताट घेऊन वळते, आणि तिथेच चित्र गोठलं. पुढे काही नाही. म्हातारी अजून यायचीच होती.

मी फाइलचा आकार पाहिला. चार जीबी. शेजारच्या लग्नाचा पाहिला. चार जीबी. त्याच्या शेजारच्याचा. चार. वर्षभराच्या मोठ्या फाइली मी एकेक करून पाहत गेलो. सगळी लग्नं एकाच मापाने कापलेली. बाहेरून आणलेल्या डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असते. लिनक्स काय किंवा दुसरं काही काय, त्या मांडणीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. पूर्वी काका टेप तुकड्यातुकड्याने उतरवायचे म्हणून ते कधी उघडं पडलं नाही. या वर्षी अख्खी टेप एका फाइलीत उतरवायला सुरुवात झाली. अख्खी टेप म्हणजे तेरा जीबी. मशीन दर वेळी खिडकीत लिहून सांगत होतं, फाइल फार मोठी आहे, मावली नाही. दर वेळी काका ओके दाबत होते.

माझं नशीब की वैशाखापासूनच्या काही फाइली लिनक्सच्या मशीनमधून अजून पुसलेल्या नव्हत्या. तिची त्यांत होती. पूर्ण.

काका आल्यावर मी त्यांना सगळं दाखवलं. मला वाटलं होतं ते हादरतील.

"मग?" ते म्हणाले.

"काका, वर्षभराची मोठी लग्नं अर्धीच आहेत. मूळ टेपा पुसल्यात आपण."

"डीव्हीडी दिली ना लोकांना?"

"ती मिक्स केलेली. मूळ शूटिंग—"

"कोण बघतंय रे मूळ शूटिंग? नवरानवरी तरी डीव्हीडी दोनदा बघतात का? ऐक. बाहेर एक शब्द बोलायचा नाही. आणि हे तुझ्या फुकटच्या लिनक्समुळे झालंय. आधी असं कधी झालं नव्हतं."

"आधीही झालं असतं, काका. तुम्ही ओके—"

"आता मला शिकवणार तू? पाडव्याला माणूस येतोय. मुहूर्तावर तुझं ते मशीन फॉरमॅट मारून टाकतो आणि सरळ सगळ्यांसारखी सिस्टीम घालतो. तोवर त्या आगरणीचं काय ते काढून दे आणि डिस्क मोकळी कर. सीझन सुरू होतोय."

म्हणजे पाडव्याच्या आत ती फाइल त्या मशीनमधून बाहेर आली नाही तर म्हातारीचा आवाज संपला. ही गोष्ट मला काकांना वेगळी सांगावी लागली नाही. त्यांना ती कळली होती. त्यांना तिचं काहीच वाटलं नव्हतं, आणि मला राग आला तो याचा.

त्या जुन्या मशीनवर ना सीडी रायटर होता, ना चित्रापासून आवाज वेगळा करायचं सॉफ्टवेअर. आवाज काढायचा तर फाइल एडिटिंगच्या मशीनपर्यंत न्यायला हवी, आणि न्यायचा रस्ता एकच, ती डिस्क. मी फाइलीचे एकेक जीबीचे तुकडे केले. तुकडे मावतील, पलीकडे नेऊन परत सांधता येतील. सोपं काम. मी पहिला तुकडा पाठवला आणि डिस्क मधेच गायब झाली. म्हणजे टेबलावर होती, दिवा लागलेला होता, पण मशीनला ती दिसेना. काढून घातली, दिसली. परत पाठवला. या वेळी तुकडा गेला, दुसरा अर्ध्यावर तुटला. परत. कधी सुरुवातीलाच तुटे, कधी अगदी संपत आल्यावर. केबल बदलली. डिस्क तपासून घेतली, तिच्यात दोष नव्हता. मशीनच्या मागच्या बाजूचं पोर्ट वापरून पाहिलं, पण ते इतकं जुनं की त्याच्यातून गोगलगाईसारखं जायचं आणि तेवढ्यात वीज तरी जायची किंवा काका दुपारचं दुकान बंद करायचे. लिनक्स प्रत्येक वेळी आपल्या नोंदीत एकच ओळ लिहायचं: डिस्क काढली गेली. मी त्या ओळीकडे बघून चिडायचो. कोणी काढली? मी हातसुद्धा लावलेला नव्हता.

काका मिक्सिंग करता करता मान वळवायचे. "काय ग्रॅज्युएट? झालं?" आणि पंजा काउंटरवर.

"नाही, परत तुटलं."

"फुकटचं ते तुटणारच."

त्या आठवड्यात मी घरी फोन केला. आमच्या घरी फोन नव्हता, डेपोतल्या कंट्रोलरच्या फोनवर वडिलांना बोलावून घेतलं. थोडक्यात सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांच्यासमोर आवाज चढवू नकोस बाळा. त्यांनी तुला मुंबईत उभं केलंय." वडिलांनी आयुष्यात कुणासमोर आवाज चढवला नाही. त्यामुळेच मी शिकलो, असंही म्हणता येईल. साहेबांच्या गाड्या त्यांनी हसतमुखाने धुतल्या आणि त्यातून माझी फी भरली गेली. मी त्यांना हो म्हणालो. फोन ठेवला आणि मला जाणवलं की मला वडिलांचाही राग आलाय, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाहीये. उपकार खरे होते. काकांनी मला नोकरी दिली, पहिले काही महिने पोटमाळ्यावर झोपू दिलं, काकू सणाला डबा पाठवायच्या. पण उपकार म्हणजे काय माझं तोंड होतं का, की ते त्यांनी विकत घेतलं?

धनत्रयोदशीला सकाळी ती पुन्हा आली. केबिन रोडवर कंदील आणि रांगोळीच्या गाड्यांनी चालायला जागा नव्हती. ती घामाने डबडबलेली, हातात पणत्यांची पिशवी. काका होते.

"क झाला शेट?"

"ह्याला विचार," काका म्हणाले. "हमारे ग्रॅज्युएट साहब. आठवडाभर कॉपी करतोय."

"एवढ्या दिवसांत आमची आजी चालायला लागंल," ती म्हणाली. माझ्याकडे बघून. मला ते लागलं, पण ती विनोद करत नव्हती. रडू येऊ नये म्हणून बोलत होती.

मी मशीनकडे वळलो. तिसरा तुकडा चालू केला. पट्टी सरकत होती. काका कंटाळून खुर्चीतून उठले, "अरे पाडवा तोंडावर आला, कधी होणार तुझं झालं?" म्हणाले आणि काउंटरवर पंजा आपटला.

डिस्क गेली.

पट्टी थांबली, नोंदीत तीच ओळ. मी काकांच्या हाताकडे पाहिलं. काउंटर आणि मशीनचं टेबल एकाच फळीवर होतं. मी डिस्क परत जोडली, तुकडा पुन्हा चालू केला, आणि स्वतःच हळूच काउंटरवर थाप मारली.

डिस्क गेली.

"ए, वेडा झालास का?" काका म्हणाले.

मी खाली वाकलो. त्या मशीनच्या कॅबिनेटची पुढची पोर्टं समोर नव्हती, वरच्या कडेला होती, तोंड छताकडे करून. मी काउंटरवरची टॉर्च घेऊन आत उजेड टाकला. फटीच्या तळाशी काहीतरी लालसर. त्याच्यामुळे केबलची पिन शेवटपर्यंत बसत नव्हती. नुसती टेकून राहत होती, आणि फळी हादरली की सुटत होती.

"पिन आहे का?" मी तिला विचारलं.

तिने बांगडीची एक सेफ्टीपिन सोडून दिली. मी मशीन बंद केलं आणि टोकाने हळूहळू ते उकरून वर काढलं. तांदळाचा दाणा. कुंकवात रंगवलेला. अक्षत.

दसऱ्याला काकांनी दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. कॅमेऱ्यांना हार घातले, दोन्ही मशीनना हळदकुंकू लावलं आणि मूठभर अक्षता उधळल्या. मीही हात जोडून उभा होतो. पूजेला माझा विरोध नव्हता, आजही नाही. पण गेला आठवडाभर ज्याचं खापर माझ्या शिक्षणावर, माझ्या सरांच्या सीडीवर, फुकटच्या लिनक्सवर फुटत होतं तो हा दाणा माझ्या तळहातावर होता.

ती वाकून बघत होती. "अगो बाय!" ती म्हणाली. "शेट, तुमच्या लक्षुमीनंच गिलला व्हता क आमच्या म्हातारीला!"

आणि ती हसली. खळखळून. मीही हसलो. काका हसले नाहीत.

"चल, निघाला ना? आता कर पटापट," एवढंच म्हणाले.  मी वाट बघत होतो. मला माफी नको होती. 'अरे, तुझं बरोबर होतं,' एवढं पुरलं असतं. त्यांनी खुर्ची वळवली आणि बदाम उडवायला लागले.

तुकडे जायला लागले. एकामागून एक, न तुटता. ती बाकावर बसून राहिली. शेवटच्या तुकड्याची पट्टी भरली आणि खिडकी गेली.

"झालं!" काकांनी पंजा आपटला, उठले, आणि डिस्कच्या केबलला हात घातला.

"नाही झालं!"

मी ओरडलो. जिन्याखालच्या साडीवाल्याने वर पाहिलं असेल इतक्या मोठ्याने. काकांचं मनगट माझ्या हातात होतं हे मला नंतर कळलं.

"हात सोड."

"केबल सोडा आधी. दिवा बघा. लुकलुकतोय. खिडकी गेली म्हणजे मशीनने माल हातात घेतला. खाली ठेवला नाहीये अजून. आता ओढलीत तर शेवटचा तुकडा गेला."

"तू माझ्या दुकानात मला—"

"हो. वर्षभर खिडकी गेली की झालं, खिडकी गेली की झालं! लोकांची लग्नं अर्धी कापून ठेवलीत तुम्ही, आणि मला म्हणता बाहेर बोलायचं नाही. आणि नावं ठेवता फुकटचं म्हणून! ते बिचारं दर वेळी लिहून सांगत होतं तुम्हाला, मावलं नाही म्हणून. वाचलंत का एकदा तरी?"

काकांनी केबल सोडली. दिवा आणखी थोडा वेळ लुकलुकला आणि थांबला. मी रीतसर डिस्क सोडवून घेतली. मग पुन्हा जोडून दोन्हीकडच्या फाइलींचे पडताळ्याचे आकडे काढले. तुकडा अगदी एका खुणेने जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. सगळे जुळले.  एडिटिंगच्या मशीनवर तुकडे सांधले, आवाज वेगळा केला आणि हेडफोन तिच्या कानावर ठेवला. दुसऱ्या जोडाचा एक कान मी माझ्याकडे घेतला.

आधी गलका, भांडी, मूल रडतंय. मग म्हातारीचा आवाज. मी तोवर तिला फक्त मुकी पाहिली होती. आवाज जाडसर, नाकात किंचित अडकणारा, पण अजिबात न हलणारा. शब्द मला अर्धेच कळत होते. ती डोळे मिटून ओठ हलवत होती, आजेसासूसारखेच. एक कडवं, दुसरं. तिसऱ्याला तिने मान हलवली, हेच, हेच मधलं. तिने कागद मागितला नाही. नुसती पीत होती.

आणि तिसऱ्याच्या मध्यावर, अगदी कॅमेऱ्याच्या जवळून, एक पुरुषाचा आवाज आला. मोठा, कंटाळलेला.

"चला आजी, बस. झालं, झालं. उठा आता, लाइट तापलीय, नवरीचा क्लोजअप घ्यायचाय."

म्हातारी पुढचा शब्द म्हणाली. मग थांबली. बायकाही थांबल्या. पुढे नुसता खुर्च्यांचा आवाज.

तिने डोळे उघडले. हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. काकांकडे पाहिलं. काकांनी काही ऐकलं नव्हतं, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी हात थांबवला.

"शेट," ती म्हणाली, "तुमीच व्हता."

"काय?"

मी हेडफोनची पिन काढली आणि तेवढा भाग स्पीकरवर लावला. पुन्हा एकदा लावला. दुकानात काकांचाच आवाज भरून राहिला. झालं, झालं. मी तो तिसऱ्यांदा लावणार होतो. तिनेच माझा हात धरला.

"अगं, वेळ झाला होता," काका म्हणाले. "शूटिंगमध्ये असं करावंच लागतं."

फाइल पूर्ण होती. सगळे आकडे जुळलेले होते. मी जे काही शिकलो होतो ते सगळं लावून मी ती अखंड बाहेर काढली होती, आणि जे तुटलं होतं ते मशीनमध्ये गेलंच नव्हतं. तिथे माझं काही चालणार नव्हतं. मी सीडी करून दिली. ती पणत्यांच्या पिशवीत घालताना म्हणाली, "जेवढा हाय तेवढा. लग्नाला ये, दादूस."

पाडव्याला मशीन फॉरमॅट झालं. त्याआधी वाचलेल्या सगळ्या फाइली मी तुकडे करून बाहेर काढून ठेवल्या, काकांना न विचारता. सीझन संपेपर्यंत काम केलं, कारण वडिलांचा शब्द होता. मग सोडलं. काका तोवर माझ्याशी बोलत होते, पण पंजा आपटायचे थांबले होते. त्याने मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

लग्नाला मी गेलो. पेणकरपाड्यात दोन बिल्डिंगींच्या मधे त्यांचं कौलारू घर अजून उभं होतं. मंडपात आजीची खाट नणंदेच्या शेजारी आणून ठेवली होती. तिला नऊवारी नेसवली होती. नातसून जमिनीवर बसली, मान किंचित वर केली आणि धवला सुरू केला. तोच आवाज नव्हता, पण तेच थांबे होते. बायका मागून म्हणत होत्या. तिसरं कडवं आलं. त्या शब्दापर्यंत ती आली आणि तिथे थांबली. तिला पुढचं येत नव्हतं, आणि खोटं काही घालायची तिची तयारी नव्हती.

बायकाही थांबल्या. मग खाटेच्या लाकडावर ठक असा आवाज आला. म्हातारीचा डावा हात. ठक. ठक ठक. शब्द नव्हते, नुसता ठेका, पण तो वाट्टेल तसा नव्हता. तो पुढच्या ओळीचा होता, मग त्याच्या पुढच्या. बायकांच्या माना त्या ठेक्यावर हलायला लागल्या. नातसून तिच्या हाताकडे बघत राहिली.

व्हिडिओवाला दुसऱ्या दुकानाचा होता. कॅमेरा खांद्यावर घेऊन तो माझ्या शेजारी उभा होता. गाणं तर थांबलंय, मग हे काय, असं त्याच्या तोंडावर होतं. त्याने भुवया उडवून मला हातानेच विचारलं, झालं का?

मी मान हलवली. नाही.